राणीच्या बागेत, भाऊ दाजींकडे

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सरली की आमच्या चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायच्या जागेत, शुकशुकाट होतो. साचे धुऊन माळ्यावर जातात, उरलेल्या मातीवर ओलं गोणपाट पडतं, आणि आधीचा महिना-दीड महिना ज्यांना धड जेवायला फुरसत नव्हती ती सगळी मंडळी पडवीत बसून उरलासुरला पाऊस बघतात. मुंबईला जायचं तर याच दिवसांत. पुढे नवरात्र, मग पेडण्याची पुनव, मग जत्रा आणि नाटकं. गोव्यातला माणूस त्यानंतर कोणाच्या हाती लागत नाही.

राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघायचं माझ्या मनात फार दिवस होतं. भाऊ दाजी आमच्या पेडणे तालुक्यातले, मांद्र्याचे. आमच्या घरापासून मांद्रे सायकलच्या टप्प्यात. हल्ली त्या गावाचं नाव बाहेर ठाऊक आहे ते समुद्रकाठच्या हॉटेलांमुळे, पण आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या लेखी मांद्रे म्हणजे भाऊ दाजी. मांद्र्याचा मुलगा मुंबईत जाऊन डॉक्टर झाला, शेरीफ म्हणजे शहराचा मानाचा अधिकारी झाला, हे ते दर वर्षी नव्या वर्गाला नव्याने सांगायचे.

दुसरं कारण धंद्याचं. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती आहेत, ही खबर आमच्या एका गिऱ्हाइकाने दिली होती. हे गृहस्थ मुंबईत नोकरीला. आषाढात घरच्या गणपतीचा पाट आमच्याकडे पोचवायला येतात तेव्हा तासभर बसतात. "तुमच्यासारखंच काम आहे हो, फक्त देव नाहीत, माणसं आहेत," असं ते म्हणाले आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेले.

पेडण्याहून कोकणकन्या पकडली. मावसभाऊ लालबागला राहतो, त्याला आधीच फोन केला होता. "बुधवार सोडून कधीही ये, बुधवारी बंद असतं," एवढं एक त्याने नीट सांगितलं. जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण मुंबईतल्या बऱ्याच संग्रहालयांचा सुट्टीचा वार सोमवार आणि इथला बुधवार, त्यामुळे लोक दारावरून परत जातात. वयनीने सकाळी पोहे दिले, आणि पाचवीतला पुतण्या शाळेला दांडी मारून आमच्यासोबत निघाला. त्याची अट एकच होती, आधी पेंग्विन.

बागेच्या दारात पोचलो तर गर्दी त्याच्याच बाजूने होती. जिजामाता उद्यान हे नाव आता कितीतरी वर्षांचं, पण बसचा कंडक्टर, पाणीवाला, रांगेतल्या बायका, सगळे अजून राणीची बागच म्हणतात. शाळांच्या सहली, कडेवरची मुलं, डबे, पिशव्या, आणि सगळ्यांची तोंडं पेंग्विनच्या दिशेला. दक्षिण कोरियातून २०१६ मध्ये आणलेल्या त्या हम्बोल्ट पेंग्विनांनी या बागेचं नशीब पालटलंय यात शंका नाही. पण दारातून आत शिरल्याबरोबर लागणाऱ्या, एवढ्या देखण्या इमारतीकडे मान वळवूनही न बघता माणसं पुढे जाताना दिसली की नवल वाटतं. मावसभावाचा जन्म लालबागचा, आणि तोही शाळेच्या सहलीनंतर आत गेला नव्हता. शेवटी तह झाला. मावसभाऊ मुलाला घेऊन पेंग्विनकडे, मी संग्रहालयात, आणि नंतर त्यांनी मला तिथे गाठायचं. बागेचं तिकीट वेगळं आणि संग्रहालयाचं वेगळं, म्हणून या तहात कोणाचं नुकसान नव्हतं.

आत जाण्याआधी बाहेरचा हत्ती बघा. काळ्या दगडाचा, अंगावर सांधे दिसणारा. हा घारापुरीचा हत्ती. आमच्या पोर्तुगीज साहेबांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून दिलं तो हाच, मूळ धक्क्याजवळ उभा असलेला. १८१४ च्या सुमारास त्याचं डोकं आणि मान गळून पडली. पुढे १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारी तुटली आणि हत्ती खाली आपटून त्याचे तुकडे झाले. तुकडे विलायतेला कोण नेणार? ते इथे आले, आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. मी त्याच्याभोवती बराच वेळ फिरलो. आमच्याकडे पेडण्याच्या भगवतीच्या दारात दोन मोठे हत्ती आहेत, लहानपणापासून त्यांच्या पायांशी खेळलेलो, त्यामुळे हत्तीचा पाय कसा घडवतात हे डोळ्यांत बसलेलं आहे. या घारापुरीच्या हत्तीला नखरा नाही, दागिना नाही, झूल नाही. नुसतं वजन आहे. जोडणाऱ्यांनी सांधे लपवायचा फारसा खटाटोप केलेला दिसत नाही, आणि ते मला आवडलं. मोडलेली वस्तू जोडल्यावर ती मोडली होती हे दिसू द्यावं, असं माझं मत आहे. आमच्या धंद्यात ते चालत नाही ही गोष्ट वेगळी. गणपतीच्या हाताला केसाएवढा तडा दिसला तरी यजमान मूर्ती घेत नाही.

बाहेरून इमारत साधी, भारदस्त, जुन्या युरोपातल्या एखाद्या सरकारी वाड्यासारखी. आत पाऊल टाकलं की मात्र माणूस थबकतो. लांबलचक उंच दालन, दोन्ही बाजूंना बिडाचे सडपातळ खांब, खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी, वर चारही बाजूंनी फिरणारा सज्जा, त्याला बिडाचाच जाळीदार कठडा, आणि छतापर्यंत हिरव्या रंगावर सोन्याचा वर्ख. पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या फरश्या. मी आधी फरशी बघितली, मग खांब, मग छत, आणि मग मान दुखायला लागली म्हणून बाकावर बसलो. इतका सोनेरी मुलामा आमच्याकडे जुन्या गोव्यातल्या चर्चच्या वेदीवर बघायची सवय आहे. तिथे तो देवासाठी असतो. इथे तो डबे, भांडी, बाहुल्या आणि नकाशे मांडायच्या खोलीला दिलाय, हे मला आधी पचेना.

बसल्याबसल्या भिंतीवरचा मजकूर वाचला, काही आधी वाचलेलं आठवलं, आणि हळूहळू उलगडा झाला. ही खोली मुळात प्रदर्शनांच्या पोटी जन्मलेली आहे. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात काचेचा मोठा महाल उभारून जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरलं, त्यानंतर १८५५ मध्ये पॅरिसला. दोन्हीकडे मुंबई इलाख्यातून वस्तू गेल्या. पॅरिसला पाठवायच्या वस्तू गोळा करताना एकेक नमुना इथेही ठेवून घ्यायचा आणि त्याचं संग्रहालय करायचं असं ठरलं. लाकूड, धान्य, खनिजं, कापड, नक्षीकाम, म्हणजे या मुलखात काय पिकतं, काय बनतं आणि काय विकता येईल याचा मांडलेला हिशेब. साहेबाचा त्यातला मतलब उघड आहे. फोर्टातल्या टाउन बॅरॅक्समध्ये हे सगळं मांडलं, आणि १८५७ च्या धामधुमीत फौजेला बॅरॅक्स हव्या झाल्या तेव्हा सामान घाईघाईने बाहेर काढलं गेलं. त्यात बरंच मोडलं, हरवलं.

उरलेलं सावरायचं काम ज्यांच्याकडे आलं ते डॉ. जॉर्ज बर्डवूड, आणि हे बर्डवूड जन्मले बेळगावात. नाना शंकरशेट, भाऊ दाजी आणि बर्डवूड यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणीची खटपट केली. व्हिक्टोरिया राणीच्या नावाने बाग आणि तिच्यात राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांच्या नावाने संग्रहालय, अशी कल्पना. म्हणजे मुंबईच्या या सगळ्यांत जुन्या संग्रहालयाच्या मुळाशी एक मांद्र्याचा आणि एक बेळगावचा. हे मी रात्री जेवताना मावसभावाला ऐकवलं, तेव्हा तो म्हणाला, "मग मुंबईकरांनी काय केलं?" मी म्हटलं, "पैसे दिले."

दिलेही भरपूर. १८६२ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पाया घातला गेला. तेव्हा मुंबईत पैशाला तोटा नव्हता. अमेरिकेत यादवी चालू, तिकडचा कापूस बंद, आणि इकडचा कापूस सोन्याच्या भावाने विलायतेला जात होता. १८६५ मध्ये ती यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि कालचे लखपती रस्त्यावर आले. कबूल केलेल्या वर्गण्या कुठून येणार? काम रेंगाळलं, सरकारला हात घालावा लागला, आणि ४ लाख ३० हजार रुपये खर्चून इमारत लोकांना खुली झाली ती थेट २ मे १८७२ रोजी. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारले. आपण ज्याच्यासाठी दारोदार हिंडलो ते उभं राहिलेलं त्यांना जेमतेम दोन वर्षं बघायला मिळालं.

दालनाच्या मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचा. डेव्हिड ससून यांनी दिलेला, म्हणून त्याच्यावर हिब्रू अक्षरंही कोरलेली आहेत. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याने जर्मनीत जन्मलेल्या, इंग्लंडच्या राणीच्या नवऱ्याचा पुतळा भायखळ्याला बसवावा, हे त्या काळच्या मुंबईलाच शोभतं. काम चोख आहे, वस्त्राच्या चुण्या तर बघत राहाव्यात. पण संगमरवराशी माझं जमत नाही. दगडात माणूस वरून आत जात जात मूर्ती शोधतो आणि मातीत आतून बाहेर येत येत बांधतो. दोन्हींची नजर वेगळी लागते, आणि माझी मातीची. म्हणून मी अल्बर्टसाहेबाला रामराम करून कपाटांकडे वळलो.

खालच्या मजल्यावर नक्षीकाम. बिदरीची भांडी, हस्तिदंत, शिंगाच्या वस्तू, चंदनाच्या पेट्या, आणि मुंबई पेटीकाम म्हणून नावाजलेलं ते बारीक जडावाचं काम, ज्यात लाकूड, हस्तिदंत आणि धातूच्या कांड्या एकत्र चिकटवून त्यांच्या आडव्या चकत्या कापतात आणि पेटीवर बसवतात. जवळून बघितलं तर एकेका चौकोनात इतके ठिपके की डोळे फिरतात. जे. जे. स्कूलच्या कुंभारकामाचे नमुनेही आहेत, चकचकीत निळे-हिरवे. ही कपाटं मी जरा भरभर उरकली, कारण जिन्याकडे पाय ओढत होते.

वरच्या मजल्यावर मुंबई आणि मुंबईची माणसं. नकाशे, बंदराच्या आणि शहराच्या प्रतिकृती, पारशांच्या दोखम्याचं, म्हणजे प्रेतं ठेवायच्या बुरुजाचं, एक मॉडेल, ज्याच्यापुढे सगळेच थांबतात, कारण खऱ्या दोखम्यात बाहेरचं कोणी जाऊ शकत नाही. संस्थापकांची चित्रंही वरच. भाऊ दाजींचं चित्र बघताना मला उगाच वाटलं की चेहरा आमच्या बाजूचा आहे. वाटायला काय जातं? पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांच्या जन्माआधी, १७८८ मध्येच पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं होतं, म्हणजे गडी जन्माने पोर्तुगीज मुलखातला आणि कर्तृत्वाने इंग्रजांच्या शहरातला. बुद्धिबळात तल्लख म्हणून लहानपणी गव्हर्नर लॉर्ड क्लेअरच्या नजरेत भरले आणि त्यातून इंग्रजी शिक्षणाची वाट मोकळी झाली, असं त्यांच्या चरित्रात येतं. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या तुकडीतले ते डॉक्टर. दवाखान्यात गोरगरिबांना फुकट औषध, कुष्ठरोगावर उपचारांचे प्रयोग, आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचणं, जुनी नाणी आणि पोथ्या गोळा करणं, अजिंठ्याच्या लेण्यांतली अक्षरं लावणं. दोनदा शेरीफ. आमच्या नाटकवेड्या तालुक्याने विसरू नये अशी गोष्ट म्हणजे, विष्णुदास भावे नाटक घेऊन मुंबईला आले तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत भाऊ दाजीही होते. १९७५ मध्ये संग्रहालयाचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव काढून यांचं दिलं गेलं, ते योग्यच झालं.

आता मूर्ती. काचेच्या कपाटांत ओळीने मांडलेल्या, बहुतेक वीतभर उंचीच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संग्रहालयाने मुद्दाम करवून घेतलेल्या. मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींची माणसं त्यांच्या पेहरावात, निरनिराळे धंदे करणारे कारागीर, खेड्यातले देखावे, खेळ, साधू आणि गोसावी. काही ठिकाणी नुसती डोकी, प्रत्येकावर वेगळी पगडी. कोणाच्या डोक्यावर काय असतं यावरून माणूस ओळखायचा तो काळ, त्यामुळे साहेबाला त्याची यादी हवी होती. माणसांची अशी मालासारखी वर्गवारी बघताना थोडं टोचतं, हे सांगायला हवं. लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तशी प्रत्येकाच्या पायाशी पाटी.

पण मातीकाम करणारा म्हणून बघायला लागलो आणि टोचणं मागे पडलं. मी एका पगडीपुढे किती वेळ उभा होतो ते तिथल्या पहारेकऱ्याला विचारा. शेवटी तो जवळ येऊन बघून गेला की या माणसाचं कपाटाशी काय चाललंय. पगडीचे पेच एकावर एक, प्रत्येक पेचाला पिळाची बारीक रेघ, आणि रेघ मागच्या बाजूला जिथे कोणी बघणार नाही तिथेही तितकीच सरळ. आमच्याकडे गणपतीच्या सोवळ्याच्या निऱ्या आम्ही कोरणीने काढतो. कोरणीने काढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना मातीचा बारीक काठ उभा राहतो, तो ओल्या बोटाने किंवा कुंचल्याने बसवावा लागतो. या पगडीवर तो काठ कुठेच नव्हता. म्हणजे कोरणी नाही. मग साचा? साच्यातून काढलं तर जोडाची रेघ कुठेतरी राहते. मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, गुडघ्यावर बसून खालून बघितलं. जोड दिसेना.

मग बोटं बघितली. वीतभर मूर्तीची बोटं म्हणजे काडेपेटीतल्या काडीहून बारीक. आम्ही एवढ्या लहान मूर्तीत बोटं सुटी करत नाही, मूठ करतो किंवा हात मांडीवर टेकवतो, कारण सुकताना माती आकसते आणि सगळ्यांत बारीक भाग आधी तडकतो. इथे एकाचा हात सरळ पुढे, पाचही बोटं मोकळी, आणि इतक्या वर्षांनंतर शाबूत. आत तार असणार. तार घातली तर ती गंजते, फुगते आणि माती फोडते, म्हणून आम्ही बारीक मूर्तीत ती टाळतो. यांनी काय केलं असेल, कुठली माती घेतली असेल, भाजली की नुसती सुकवली, हे काचेच्या अलीकडून कळणं कठीण. नाकावरचा रंग एका ठिकाणी किंचित उडालेला होता, तिथे खालचा थर पांढरट दिसला. खडू किंवा चुन्याचा हात दिलेला असावा, आमच्यासारखाच.

खूप वेळाने माझ्या ध्यानात आलं की मी या मूर्तींत काय शोधतोय. आमच्या घरात गणपती करायला लागून चार पिढ्या झाल्या. पण पणज्याचा हात कसा होता, आजोबा डोळे कसे आखायचे, हे मी कधी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. आमचं काम दीड दिवसाचं, पाच दिवसांचं, फार तर अकरा. मग ते ओहोळात जातं. बाबा कधीकधी म्हणतात, "तुझ्या आजोबाच्या मूर्तीची सोंड जिवंत वाटायची." बरं, पण दाखवणार काय? एक साचासुद्धा शिल्लक नाही. या कपाटातल्या मूर्ती पणज्याच्या काळातल्या. त्या करणाऱ्याला माती, ऊन, पावसाळी हवा आणि तडे, सगळं तेच होतं. त्याची मूर्ती कोणी पाण्यात सोडली नाही म्हणून ती मला बघायला मिळाली.

आणि त्याचं नाव मात्र मला मिळालं नाही. या दालनात ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं संगमरवरात आहेत, ज्याने पाया घातला त्याचं आहे, ज्याचा पुतळा आहे त्याचं तर आहेच. मूर्तीखालच्या पाट्यांवर मूर्तीतल्या माणसाची जात आहे आणि करणाऱ्याचं नाव नाही. यात संग्रहालयाला दोष देण्यात अर्थ नाही, तेव्हा कोणी लिहूनच ठेवलं नसेल तर आता कुठून आणणार? आमच्या तरी कुठल्या गणपतीखाली आम्ही नाव घालतो?

तेवढ्यात पुतण्या धापा टाकत वर आला. पेंग्विन बघून झाले होते, आणि त्याचा निकाल असा की ते नुसते उभे राहतात. मूर्ती त्याला आवडल्या. त्यातही अंगाला पीळ देऊन बसलेले साधू जास्त. "काका, हे तुम्ही करू शकता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बहुतेक." मावसभाऊ म्हणाला, "बहुतेक म्हणजे नाही."

तिघांनी मिळून पुन्हा एकदा खालून वरपर्यंत फेरी मारली, आणि या वेळी मी छताकडे जास्त बघितलं. ही वास्तू नव्वदीच्या दशकात अगदी खंगली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, वास्तुसंवर्धक विकास दिलावरी आणि संग्रहालयाच्या कामाची धुरा वाहणाऱ्या तस्नीम झकारिया मेहता यांच्या देखरेखीखाली रंगाचे थर खरवडून जुनी नक्षी शोधली गेली, वर्ख नव्याने लावला गेला, आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. त्याआधीच, २००५ मध्ये, युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार या कामाला मिळाला होता. नगरपालिकेच्या मालकीची इमारत इतकी नीट राखलेली मी तरी दुसरी बघितलेली नाही. तक्रार एकच. काही कपाटांत उजेड वरून पडतो आणि मूर्तीचा चेहरा टोपीच्या किंवा पगडीच्या सावलीत जातो. चेहऱ्यावर उजेड समोरून आणि थोडा बाजूने हवा, हे आमच्याकडचं गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधणारं पोरही सांगेल.

बागेतच पुढे कुठेतरी काळा घोडा आहे. ज्याच्यावरून मुंबईतल्या त्या भागाला नाव पडलं तो मूळचा पुतळा, घोड्यावर सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये तिथून उचलून इथे आणलेला. पुतण्याला तो बघायचा होता, मला चहा हवा होता. चहा जिंकला.

कोण गोव्याहून जाणार असेल तर त्याला एवढंच सांगेन की सकाळी दार उघडतानाच जा आणि आधी वर जा. दुपारी शाळांच्या सहली आल्या की मूर्तींच्या कपाटांपुढे उभं राहायला जागा नसते, आणि पुढे उभं राहिल्याशिवाय त्या मूर्ती दिसत नाहीत. खालचं नक्षीकाम मोठं आहे, ते गर्दीतही बघता येतं. भिंग सोबत नेलं तर उत्तम. मी नेलं नव्हतं म्हणून फोनच्या कॅमेऱ्यावर भागवलं.

घरी आल्यावर ते फोटो बाबांना दाखवले. त्यांना फोनवर बोटांनी चित्र मोठं करायला अलीकडेच जमायला लागलंय, त्यामुळे त्यांनी प्रत्येक मूर्तीची नखंसुद्धा तपासली. एका मूर्तीचा डावा खांदा उतरलाय म्हणाले. एकाचे डोळे आखणारा आणि मूर्ती करणारा वेगवेगळे आहेत म्हणाले, आणि ते मला पटलं, कारण डोळ्यांत जी घाई दिसत होती ती हातांत नव्हती. पगडीपाशी आले तेव्हा मी कोरणीचं, साच्याचं, सगळं माझं कोडं सांगितलं.

"दोरा," बाबा म्हणाले. "पिळाचा दोरा ओल्या मातीत दाबून काढलाय. म्हणून काठ नाही."

गोणपाटाखालची माती काढून आम्ही लगेच बसलो. लिंबाएवढं डोकं केलं, त्याच्यावर पट्टी गुंडाळून पगडीचे पेच घातले, आणि पेचांवर दोरा दाबत गेलो. काथ्याच्या दोऱ्याची रेघ जाडी येते आणि त्याचे धागे मातीत अडकतात. नायलॉनला पीळ नाही, तो नुसता घसरतो. सुती दोरा पाण्यात भिजवून, पिळून, लगेच दाबला आणि सुकायच्या आत उचलला, तर रेघ बरोबर तशी येते, मागच्या बाजूलाही.